शैली आणि पहिला श्रोता

'शैली' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. नव्याने लिहू लागलेल्याला ती अंगावर चढवायच्या वस्त्रासारखी वाटते. मर्ढेकर शिकवताना वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतेच, "मॅडम, स्वतःची शैली कशी तयार करायची?" या प्रश्नाचे उत्तर मर्ढेकरांच्याच दोन संग्रहांमधल्या अंतरात शोधावे, असे मला वाटते.

'शिशिरागम' 1939 साली प्रसिद्ध झाला. बालकवी आणि माधव ज्यूलियन यांच्या वळणाची छाया त्या कवितेवर उघड दिसते. रचना घोटीव आहे, दुःख हळवे आहे, आणि ते दुःख मांडण्याची भाषा आधीच्या पिढीने तयार करून ठेवलेली आहे. 1947 साली 'काही कविता' आला तेव्हा हा तोच कवी आहे, यावर विश्वास बसू नये इतके सारे बदलले होते. मधल्या काळात महायुद्ध होऊन गेले होते आणि यंत्रांच्या तालावर जगणारे महानगर कवितेत शिरले होते. 'पंक्चर'सारख्या इंग्रजी शब्दाला त्यांनी मराठी क्रियापदाचे रूप दिले. गंमत अशी, की हे नवे जग पकडण्यासाठी त्यांनी संतांच्या ओवी-अभंगांना जवळ केले. साधने जुनी आणि सर्वांच्या मालकीची होती. दिसलेले जग मात्र उसन्या भाषेत मावत नव्हते. त्या न मावण्यातून जे घडले, त्याला आपण आज मर्ढेकरांची शैली म्हणतो.

मग लिहिलेले इतरांपुढे ठेवण्याचे काय? आपल्या परंपरेत याची दोन ठळक रूपे दिसतात. 1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. कविता घरोघर पोचली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु सभागृहाची दाद कवितेला हळूहळू स्वतःच्या सोयीचे वळणही लावते. याउलट 1950 च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्या मंडळींनी काढलेले 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक मोजक्या वाचकांसाठी होते. 'अरुण कोलटकरच्या कविता' हे पुस्तक थेट 1977 साली आले. मधली दोन दशके ही कविता लहान नियतकालिकांतून आणि मित्रांच्या वर्तुळातून वाचली जात होती. कवीला वाचक होते, पण ते त्याला घाई करत नव्हते.

एम.ए.ला असताना आम्हा तिघांचे असे एक लहानसे वर्तुळ होते. शनिवारी दुपारी ग्रंथालयामागच्या पायऱ्यांवर आम्ही एकमेकांना कविता ऐकवीत असू. आमच्यातला एक मित्र स्वतः फारसे लिहीत नसे. ऐकल्यावर 'छान' किंवा 'फसली' असेही तो कधी म्हणाला नाही. पुढच्या शनिवारी आला, की आदल्या कवितेतले आठवडाभर मनात राहिलेले तेवढे आपल्या शब्दांत सांगायचा. एकदा मी संध्याकाळवर दीर्घ कविता वाचली होती. तीत क्षितिजे होती, सावल्या होत्या, त्या वर्षी आम्ही सगळेच वापरत होतो ती सारी शब्दकळा होती. त्याच्या लक्षात राहिले ते एवढेच : गिरणी बंद करून घरी आलेल्या वडिलांच्या भुवयांवरचे पीठ. बाकी काहीच त्याला आठवेना. पिठाची गिरणी आमची होती. क्षितिजे सर्वांचीच होती. माझ्या लेखनात माझे काय आहे, हे एवढ्या नेमकेपणाने मला कोणत्याही समीक्षाग्रंथाने दाखवले नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीला आंतरमहाविद्यालयीन काव्यस्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. कविता आईवर होती, आणि चांगली होती. त्यानंतर तिने लिहिलेल्या दहाबारा कविता याच कवितेच्या आवृत्त्या आहेत : तीच थांबण्याची जागा, शेवटी तीच कलाटणी. टाळ्या जिथे पडल्या होत्या, तिथे ती पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहते. विशीतच स्वतःचे अनुकरण सुरू व्हावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. कारण बालकवींच्या छायेतून बाहेर पडता येते, स्वतःच्या यशाच्या छायेतून बाहेर पडणे अधिक कठीण.

अलीकडे तिची वही माझ्याकडे आली, तेव्हा मी समासात काहीच लिहिले नाही. आठ दिवस थांबले आणि मनात उरले तेवढेच तिला सांगितले : मधल्या एका अपुऱ्या कवितेतली, वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये स्वतःचा टॉवेल शोधणारी मुलगी. ती जरा हिरमुसली. "मॅडम, ती कविता तर जमलीच नाहीये," म्हणाली. मी म्हटले, "म्हणूनच ती पुढे लिही."