मोजले जाणारे आणि मोजणारे

आपल्या समाजाविषयीच्या अहवालांची काही कमतरता नाही. मार्च २००५ मध्ये न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला, त्याचा अहवाल २०१३ मध्ये सादर झाला. तेव्हापासून आपल्याकडचे एकही भाषण या दोन नावांशिवाय पूर्ण होत नाही. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६५.१ टक्के आणि मुसलमानांची ५९.१ टक्के, हा आकडा उर्दू शाळांच्या जलशांतून मी इतक्यांदा ऐकला आहे की मुलांनाही तो पाठ झाला असेल.

या अहवालांचे मोल मी कमी लेखत नाही. त्यांनी आपले मागासलेपण पुराव्यानिशी मांडले. पण एक प्रश्न मला सतत सतावतो. आपली मोजणी झाली, पण मोजणाऱ्यांत आपण किती होतो? आपल्यातल्या बायका किती होत्या? सच्चर समितीत सात सदस्य होते आणि त्यांत एकही स्त्री नव्हती. महिला संघटनांनी त्याच वेळी यावर हरकत घेतली होती.

हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही. मोजणारा कोण यावर काय मोजले जाते हे अवलंबून असते. काही वर्षांपूर्वी एका स्वयंसेवी संस्थेचे कार्यकर्ते आमच्या वस्तीत पाहणीसाठी आले. छापील प्रश्नावली मराठीत होती आणि बायका बोलणार आपली घरची बोली, म्हणून त्यांनी शाळेकडे मदत मागितली. मी दुभाषी म्हणून सोबत गेले. एका विद्यार्थिनीच्या अम्मीला प्रश्न विचारला गेला, "तुम्ही काय काम करता?" ती म्हणाली, "कुछ नहीं करती, घर पे ही रहती." कार्यकर्त्याने 'गृहिणी' या शब्दापुढे खूण केली. त्या वेळी तिच्या मांडीवर ओढणी होती आणि तिचे हात टिकल्या लावत होते. शेजारी गठ्ठ्यात अजून पन्नासेक ओढण्या होत्या. मी त्या कार्यकर्त्याला म्हटले, "भाऊ, प्रश्न बदलून विचारू या. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काल हातांनी काय काय केलेत, असे विचारा." मग तिने सगळे सांगितले. ओढण्या, तयार कपड्यांचे धागे कापणे, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे करणे. नगामागे काय मिळते तेही सांगितले आणि रात्री सुईत दोरा ओवताना आता दिसत नाही हेही सांगितले.

ही काही माझी युक्ती नव्हे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात असेच विचारले गेले होते. आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांत तुम्ही काय केले, याची ती नोंद. त्यातून दिसले की घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. "काम करता का?" एवढेच विचारले असते तर ही मिनिटे कुठल्याच कागदावर उमटली नसती.

चुकीच्या नोंदीतून चुकीची योजना निघते. 'गृहिणी' अशी नोंद झालेल्या बाईसाठी शिवणकामाचा वर्ग काढला जातो. तिला शिवणकाम येतेच. तिला हवा असतो नगाचा योग्य दर, चष्मा आणि सासूची दोन तास काळजी घेणारे कोणीतरी. पुढे वर्ग ओस पडला की अहवालात लिहिले जाते, 'या समाजातील महिलांमध्ये जागृतीचा अभाव आहे.'

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी आपल्या घरातही डोकावायला हवे. रमजानमध्ये आपण अडीच टक्के जकात काढतो. विधवा, यतीम, आजारी, मदरशातली मुले यांच्यापर्यंत ती पोहोचते. देणाऱ्याच्या मनाला समाधान मिळते. पण ज्या बेवा बाईला पाच वर्षे जकात मिळाली तिचे पुढे काय झाले? तिचा मुलगा शाळेत टिकला का? सहाव्या वर्षी तिला हात पसरावा लागला नाही, असे घडले का? हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. याच विचारण्याला मूल्यमापन म्हणतात. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्या पाठोपाठ येतात आमिलीन, म्हणजे जकातीच्या कामावर नेमलेली माणसे. खिदमत हे वेळ, मेहनत आणि जाणकारी मागणारे काम आहे व ते करणाऱ्याला मोबदला मिळावा, हा विचार आपल्याला परका नाही.

आपल्या बायकांनी हे करून दाखवल्याचे उदाहरणही आहे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम स्त्रियांशी बोलून विवाह, तलाक, मेहेर, पोटगी याविषयीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची सगळी मते सर्वांना पटतील असे नाही, आणि पटलीच पाहिजेत असेही नाही. पण आपल्यातल्याच स्त्रियांनी कागद-पेन घेऊन आपल्या बहिणींना प्रश्न विचारले, उत्तरे मांडली आणि देशाला त्यांची दखल घ्यावी लागली.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी या देशातली पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात सुरू झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नागपाडा नेबरहुड हाउसमध्ये तिचे वर्ग भरत. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून जगाला माहीत आहे. म्हणजे हे शास्त्र आपल्याच मोहल्ल्यात शिकवले जाऊ लागले. संस्था पुढे देवनारला गेली. नागपाड्यासारख्या वस्त्यांत तिचे विद्यार्थी अभ्यासाला येत राहिले, पण त्या वस्त्यांतली मुले तिच्या वर्गात किती गेली?

शाळेत अव्वल येणाऱ्या मुलीसमोर आजही आपण दोनच वाटा ठेवतो, डी.एड. नाहीतर बी.एड. मी स्वतः त्याच वाटेने आले आणि तिला कमी लेखत नाही. पण मूल्यमापन आणि सामाजिक देखभाल हेही आता व्यवसाय आहेत. सरकारी योजनांचे मूल्यमापन करणारी यंत्रणा देशात १९५२ पासून आहे. २०१५ मध्ये नीती आयोगाने त्यासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. एम.एस.डब्ल्यू. इग्नूमधून दूरशिक्षणाने करता येते, म्हणजे मुलीला गाव सोडावे लागत नाही. संशोधन पद्धतीचे अभ्यासक्रम २०१७ पासून 'स्वयम्' या सरकारी मंचावर घरबसल्या शिकता येतात.

आणि आपण शिक्षक तर अर्ध्या वाटेवर उभेच आहोत. बी.एड.ला कृतिसंशोधन केलेले असते. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदी आपण ठेवतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. हे तास केवळ हजेरीपुरते बसून काढायचे, की त्यांत प्रश्नावली तयार करणे, घरभेटीची नोंद लिहिणे, आकडे वाचणे शिकायचे, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलींचा अभ्यास त्यांच्या वर्गशिक्षिकेपेक्षा चांगला कोण करील?

वाट सोपी आहे असे मी म्हणणार नाही. संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. तिच्या आधारावर पीएच.डी.ची स्वप्ने पाहणाऱ्या कितीतरी मुलामुलींपुढचे दार लागले. आता नेटच्या परीक्षेत खुल्या स्पर्धेत उतरून जे.आर.एफ. मिळवणे हाच मुख्य मार्ग. राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. तिच्यात संशोधक म्हणून बसायला आपली प्रशिक्षित मुले-मुली नसतील, तर तिथेही आपण फक्त फॉर्म भरून देणारे राहू.

म्हणून दोन विनंत्या. घरातल्या मुलीने समाजकार्य शिकायचे म्हटले, तर "हा कसला कोर्स, यात काय मिळणार?" म्हणून तिला गप्प बसवू नका. आणि जमातीच्या, ट्रस्टच्या जिम्मेदारांनी येत्या रमजानमध्ये जकात वाटताना गेल्या वर्षी घेणाऱ्यांपैकी निदान दहा घरी एखाद्या शिकलेल्या मुलीला वही देऊन, तिच्या मेहनतीचे पैसे देऊन पाठवावे. ती जे लिहून आणील ते आधी शांतपणे वाचावे आणि मगच यंदाची यादी करावी.