आधी उघडून बघ

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अब्बांना घेऊन मी बर्मिंगहॅमला भाईजानांकडे गेले. अम्मीच्या इंतकालाला दीड वर्ष झालं होतं. तेव्हा भाईजानांना जनाज्याला पोहोचता आलं नव्हतं आणि त्याबद्दल बापलेकांत एक शब्दही झाला नव्हता. फोनवर औषधं, हवा-पाणी आणि ‘अल्लाह हाफिज’, एवढंच बोलणं.

अब्बांचं खेडला हायवेवर गॅरेज होतं. चाळीस वर्षं त्यांनी ॲम्बेसेडर टॅक्सींची इंजिनं बांधली. आम्ही भावंडं शाळेतून आलो की दप्तर टाकून पाने हातात द्यायला बसायचो. भाईजान हे गॅरेज चालवतील असं अब्बांनी मनात धरलं होतं. पण चोविसाव्या वर्षी भाईजान परदेशी गेले आणि ऑफिसच्या नोकरीत रमले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अब्बा अंगणात फेऱ्या मारत होते. घराला लागून असलेल्या गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. आत चादरीखाली एक बुटकी, दोन सीटची गाडी होती. भाईजान मागून आले आणि शाळकरी मुलासारखे उभे राहिले. म्हणाले, “एमजीबी आहे, अब्बा. १९७१ची. आठ वर्षांपूर्वी घेतली.” आठ वर्षांत त्यांनी ही गोष्ट घरी कळू दिली नव्हती. कारण मी ओळखलं. गॅरेज सोडून गेलेल्या मुलाने हौसेला गाडी घ्यावी, हे अब्बांना सांगायचं कसं?

अब्बांनी बॉनेट उघडायला लावलं. बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाले, “अरे, हे तर आपलंच इंजिन आहे.”

ते खरंच होतं. ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बसत असे, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’चं. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला बनलेल्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. दोन्हींत पिस्टनचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. फरक बोअरचा : ॲम्बेसेडरचा ७३, एमजीबीचा ८०.२६.

गाडी दोन वर्षं बंद होती. निळा धूर मारायची, ऑइल खायची आणि गरम झाली की ऑइलचं प्रेशर खाली यायचं. भाईजानांनी चौकशी करून ठेवली होती. पहिला मार्ग बदली इंजिनाचा : जुनं देऊन तयार केलेलं दुसरं घ्यायचं. त्याचे २,८०० पाउंड आणि बसवायचे ६००. वर्षाची हमी, काम आठवड्यात. दुसरा, आपलंच इंजिन वर्कशॉपमध्ये बांधून घ्यायचं. साडेचार हजार पाउंड आणि चार महिने थांबायचं. तिसरा, नुसत्या रिंगा आणि बेअरिंगं बदलायची, चारशेत भागवायचं. चौथा मार्ग भाभींचा : आहे तशी विकून टाकायची. धाकट्याचं कॉलेज तोंडावर आलं होतं. भाभी मला हळूच म्हणाल्या, “तूच सांग, हा इसराफ नाही का?” मी गप्प राहिले, कारण मलाही तसंच वाटत होतं.

रात्री जेवताना भाईजानांनी अब्बांना विचारलं. तीस वर्षांत त्यांनी अब्बांना पहिल्यांदाच काही विचारलं असावं. अब्बा म्हणाले, “आधी उघडून बघ. न मोजता खर्च करणं हा इसराफ, आणि न मोजता टाकून देणं हाही इसराफच.”

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर १४०च्या आसपास, तिसऱ्या नंबरचा मात्र ९०. अब्बांनी त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगितलं. काटा १३०वर गेला. अब्बांनी मला समजावलं, मी जशी वर्गात मुलांना समजावते तसं : ऑइल टाकून आकडा चढला तर गळती रिंगांतून आणि बोअरमधून, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघायचं.

आठवडाभरात इंजिन उतरलं आणि उघडलं. तिसऱ्या बोअरची झीज इंचाच्या आठ हजारांश निघाली. क्रँकच्या एका जर्नलवर ओरखडे होते. ब्लॉकला तडा नव्हता आणि बोअर पूर्वी कधी मारलेला नव्हता, म्हणजे वीस हजारांश ओव्हरसाइज पिस्टन निवांत बसणार होते.

भाईजान म्हणाले, “मग रिंगांवर भागेल का, अब्बा?” अब्बांनी मान हलवली. ऐंशीच्या सालात त्यांनी एका टॅक्सीवाल्याला असंच भागवून दिलं होतं. त्याच्या मुलीचं लग्न होतं, हातात पैसा नव्हता. झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घातल्या. सहा महिन्यांत कशेडी घाटात गाडी बसली आणि त्याचे दुप्पट गेले. “मला त्याची दया आली होती,” अब्बा म्हणाले, “पण नुकसान त्याचंच केलं.”

मग पाचवा मार्ग ठरला : लेथचं काम बाहेर, बांधणी घरी. भाभींनी वही घेतली. बोअर आणि चार पिस्टन ४५०. क्रँक दहा हजारांश घासणं आणि बेअरिंगं ३००. हेडला नवे व्हॉल्व्ह, गाइड आणि एक्झॉस्टला कडक सीट ५००. ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिशाचा थर जुन्या सीटला जपायचा, म्हणून हा खर्च टाळायचा नाही. कॅमशाफ्ट, टॅपेट, टायमिंग चेन आणि ऑइल पंप ३००. गॅस्केट, बोल्ट, क्लच २००. एकूण १,७५० पाउंड. पाउंडाला शंभर रुपये धरले तरी पावणेदोन लाख. रक्कम लहान नव्हती, पण बदली इंजिनाच्या जवळजवळ निम्मी होती आणि गाडीचा मूळ ब्लॉक, मूळ नंबर गाडीतच राहणार होता. कर्ज काढायचं नाही आणि कॉलेजच्या पैशांना हात लावायचा नाही, या भाभींच्या दोन्ही अटी भाईजानांनी मान्य केल्या.

लेथवरून सामान परत यायला तीन आठवडे गेले. बांधणी सुरू झाली त्या दिवशी अब्बांनी आपले हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. हात थरथरत होते. पाना नटावर बसेना. भाईजानांनी काही न बोलता पाना घेतला. अब्बा स्टुलावर बसले आणि सांगत गेले : बेअरिंग आधी पूस, मग ऑइल लाव, रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नको, हेडचे नट मधून बाहेर, थोडे थोडे. भाईजान मापाच्या पान्याने आवळत. अब्बा शेवटी बोट फिरवत आणि म्हणत, “ठीक.” मी पाने देत होते. पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तेच काम.

इंजिन चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर फिरवला, ऑइलचा काटा हलेपर्यंत. मग पहिल्यांदा चालू झालं तेव्हा भाईजान पाय काढायला लागले. अब्बा ओरडले, “सोडू नको! वीस मिनिटं दोन हजारावर ठेव. नवा कॅमशाफ्ट आहे, हळू चालवलास तर ऑइल पोहोचणार नाही, खाऊन जाईल.” त्या गॅरेजमध्ये अब्बांचा तो जुना आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. वीस मिनिटं आम्ही तिघंही हललो नाही. धूर नव्हता. प्रेशर गरम झाल्यावरही ५५वर टिकलं.

असरनंतर भाईजान अब्बांना घेऊन निघाले. गाडीत दोनच सीट, म्हणून भाभी आणि मी फाटकातच थांबलो. पाऊण तासाने परत आले. दोघांचेही डोळे लाल होते. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. उतरताना अब्बा एवढंच म्हणाले, “तुझी अम्मी असती तर म्हणाली असती, बापलेक कपडे खराब करून आले.” अम्मीचं नाव त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा निघालं.

आता आम्ही खेडला आहोत, शाळा सुरू झाली आहे. अब्बा जुम्याच्या नमाजनंतर स्वतः फोन लावतात. औषधं, हवा-पाणी होतं आणि मग विचारतात, “किती मैल झाले? पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदलायचं, विसरू नको.” भाईजानांचे पाचशे मैल केव्हाच झाले असावेत. पण ते दर वेळी म्हणतात, “थोडे राहिलेत, अब्बा. बदलताना तुम्हाला फोन करतो.”