सवायकी आणि दिडकी

जयपूरच्या मावशीकडे गेले की पहिली संध्याकाळ जुन्या शहरात हिंडण्यात जाते. मागच्या खेपेला ती बंद पडलेल्या कॉम्प्युटरपुढे गेली. काकांनी शेवटच्या वर्षी स्वतःच्या आवाजात सांगितलेल्या आठवणी त्यातच होत्या. दुसरी प्रत नव्हती. मावशी काही बोलत नव्हती, हेच जास्त जड जात होते.

कॉम्प्युटर लिनक्सवर चालणारा. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्या यंत्राजोगा स्वतः तयार करता येतो, आणि मावसभावाला तोच नाद! पहिला कर्नल छान चालला, म्हणून जागा वाचवायला त्याने मूळचा काढून टाकला. मग आणखी हलका करू गेला, आणि नको म्हणून जे वगळले त्यात डिस्क वाचणारा भागही गेला. तरी पहिल्यावर निभावले असते. पण दोन्हींचे नाव आणि क्रमांक एकच. नव्याने जुन्याला पुसूनच टाकले.

रात्री पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले, आठवणी सुखरूप होत्या. आधी त्यांची प्रत काढली, मग मी विचारले, "वेगळे नाव देता येत नाही का रे?"

"येते की," तो ओशाळून म्हणाला. कर्नल तयार करण्याआधी 'लोकल व्हर्जन'च्या रकान्यात आपला शब्द लिहायचा. तो क्रमांकाला जोडला जातो, पॅकेजच्या नावातही येतो. सुटे भाग वेगळ्या फोल्डरात राहतात, आणि सुरू करताना यादीत दोन्ही कर्नल दिसतात. मोकळी जागा किंवा अधोरेषा नको, इंग्रजी लहान अक्षरे बरी. सगळे मिळून ६४ अक्षरांच्या आत. एवढेसे काम, पण आळस!

दुसऱ्या दिवशी जंतरमंतरला गेलो. १६६५ साली पुरंदरचा तह करणारे जयसिंग तेच हे, असे मी कितीतरी वर्षे समजत होते. मावशीने तिथेच कान उपटले. "ते मिर्झाराजे. १७२७ मध्ये हे शहर वसवले ते सवाई जयसिंगांनी. सवाई म्हणजे सव्वा, एकाहून पाव जास्त. नुसते जयसिंग म्हटले की तुझ्यासारखा घोळ होतो!"

मावसभावाने घरी येऊन रकान्यात 'सवाई' लिहिले.

परवा त्याचा फोन आला. नवा कर्नल तयार झाला होता. नाव मावशीने सुचवले, सवायकीच्या पुढचे: 'दिडकी'. आठवडाभर नीट चालेपर्यंत सवाईला हात लावायचा नाही, अशी तिची ताकीद आहे.