मेसचं ताट, वजनाचा काटा आणि माझी एक चूक

कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मुलं मे महिन्यात घरी आली, की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार सुरू होते. "डॉक्टर, बघा हो, वर्षभरात किती सुटलाय! मेसचं तेलकट खातो, दुसरं काय." मुलगा खाली मान घालून मोबाईल बघत असतो. बाहेर दहा पेशंट खोळंबलेले असतात, म्हणून मी "वजन कमी कर रे बाबा" एवढं म्हणून मोकळा होतो. म्हणजे, व्हायचो. दोन वर्षांपूर्वी या एका वाक्यातून जे घडलं ते सांगायला हा लेख लिहितोय. ज्या मुलीची ही हकिगत आहे तिची परवानगी घेतली आहे. नाव लिहीत नाही.

तिचे वडील माझे जुने पेशंट, मधुमेहाचे. ते बीपी तपासायला आले तेव्हा ही सोबत होती. पुण्यात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालेलं, वजन वर्षभरात ९ किलोने वाढून ६८ झालेलं. उंची १५६ सेंटिमीटर. वडील म्हणाले, "हिला जरा समजावा." मी प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता, मान वर न करता बोललो, "अगं, वजन उतरव. बाबांना शुगर आहे, तुलाही होईल. जेवण कमी कर." बस्स. काय खातेस, किती वाजता खातेस, पाळी नियमित आहे का, काहीही विचारलं नाही. साधं हिमोग्लोबिनही करायला सांगितलं नाही.

गणपतीच्या सुट्टीत आई तिला घेऊन आली ती केस गळतात म्हणून. काट्यावर वजन भरलं ५५. अडीच महिन्यांत १३ किलो! आळीत सगळे तिचं कौतुक करत होते, वडील खूश होते, आणि खरं सांगतो, क्षणभर मीही खूश झालो. बीएमआय काढला तर २२.६, म्हणजे अगदी योग्य. (किलोमधलं वजन भागिले मीटरमधली उंची, आणि येईल त्या आकड्याला पुन्हा उंचीने भागायचं. आपल्या भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ हे ठीक, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.)

मग नाडी पाहिली. मिनिटाला ५४. बीपी ९०/६०. तळहात गार. खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. पाळी दोन महिने आलीच नव्हती. पाळी थांबण्याची इतर कारणं तपासून पाहिली, ती नव्हती. हिमोग्लोबिन ८.९. बाईच्या रक्तात ते निदान १२ तरी हवं. हे सगळं अडीच महिन्यांत झालं असेल असं मला वाटत नाही, रक्त आधीपासूनच कमी असणार. मी मे महिन्यात पाहिलंच नव्हतं.

आईला थोडा वेळ बाहेर बसवून विचारलं तेव्हा कळलं. सकाळी बिनसाखरेची काळी कॉफी. दुपारी मेसमध्ये एक पोळी आणि काकडीच्या चकत्या. रात्री ग्रीन टी, फार भूक लागली तर सफरचंद. दोन वेळच्या मेसचे पैसे भरलेले, रात्रीचा डबा मैत्रिणीला द्यायची. दिवसाला पाचशे कॅलरीही पोटात जात नव्हत्या. "काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, जेवण कमी कर," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिला हसण्याचा किंवा रागावण्याचा मला हक्कही नव्हता, कारण हेच मी स्वतः करून बसलो होतो. १९८८ साली मी मेडिकलच्या वसतिगृहात राहायला गेलो. मेस अमर्यादित. कोण किती पोळ्या खातो यावर पैजा लागायच्या, रविवारी गुलाबजामांवर. दीड वर्षात ५८ चा ७१ किलो झालो. कुणीतरी चिडवलं म्हणून रात्रीचं जेवण बंद केलं आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढायला लागलो. महिन्यात ६ किलो उतरले. मग एक दिवस सर्जरीच्या पोस्टिंगला ऑपरेशन थिएटरमध्ये मागच्या रांगेत उभा होतो तो सरळ खाली कोसळलो. सिस्टरने ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टर, सकाळपासून काय खाल्लंय?" पुढच्या चार महिन्यांत ८ किलो परत आले. उतरले होते त्याहून दोन जास्त.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो. आपलं शरीर पिष्टमय पदार्थांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. उपासमार सुरू केली की आधी हा साठा जातो आणि त्याच्याबरोबर पाणी. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो तो यामुळे. चरबी त्या मानाने सावकाश जाते. प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायू मोडून खायला लागतं. स्नायू घटले की बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जा घटते, म्हणून पुन्हा नेहमीसारखं जेवायला लागलात की वजन आधीपेक्षा पटकन चढतं. केसांचं आणि पाळीचं म्हणाल, तर अन्न कमी पडलं की शरीर ज्या गोष्टींवाचून तूर्त भागतं त्या आधी थांबवतं. केस तर दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, त्यामुळे डाएट आणि केस यांचा संबंध मुलींच्या लक्षातच येत नाही. त्या शाम्पू बदलत बसतात.

आता मेसकडे वळू. मेसच्या तेलाला सगळे शिव्या देतात. तेल असतंच, पण माझ्या मते खरी अडचण ताटाच्या मांडणीत आहे. पोळी, भात, बटाट्याची भाजी हे तिन्ही पिष्टमय. वरण पाण्यासारखं. काकडीच्या दोन चकत्या. असं ताट पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी पाच वाजता परत भूक लागते, आणि पाच वाजता कॉलेजच्या दारात वडापाव असतो. एका वडापावात पावणेतीनशे-तीनशे कॅलरी सहज जातात. शिवाय दिवसभरात पाच चहा. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर झाली ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी, त्याही पोट अजिबात न भरणाऱ्या. वर सबमिशनच्या रात्री जागरण आणि मॅगी. झोप कमी झाली की भूक वाढते, हे डॉक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. नाइट ड्यूटीवाले सगळे जाणतात.

मी तिला मेसचा आठवड्याचा मेनू कागदावर लिहायला लावला आणि आम्ही दोघं हिशोबाला बसलो. तिच्या वजनाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. मेसचं पूर्ण ताट दोन वेळा खाल्लं असतं तरी ती तिशीच्या आसपास येत होती. ती खात होती त्यातून तर सात-आठ.

वेगळा डबा लावणं तिच्या वडिलांना परवडणारं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. मेसच्या मावशींशी बोलून बरंच काही बदलता येतं. भाताची मूद अर्धी घ्यायची आणि त्याऐवजी उसळीची दुसरी वाटी मागायची. मटकी, चवळी, छोले, जे असेल ते. एका वाटीत सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. भात मावशींचा वाचतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. वरणाची एक गंमत सांगतो. मोठ्या पातेल्यात डाळ तळाशी बसते आणि वर नुसतं पिवळं पाणी राहतं. शेवटी जेवायला जाणाऱ्याला दाट वरण मिळतं ते म्हणूनच. "मावशी, पळी जरा तळापासून फिरवा ना," एवढं म्हटलं की काम होतं. रश्श्यावरचा तवंग पळीने बाजूला सारायला सांगायचं. मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, म्हणजे मध्यम पोळी खाल्ल्यासारखंच, आणि पोट मात्र रिकामं. पोळ्या दोन-तीन खुशाल खाव्यात. पोळी बंद करायला मी कुणालाच सांगत नाही, कारण ती मुलं रात्री अकराला बिस्किटांचा अख्खा पुडा संपवतात.

काकडी, टोमॅटो, गाजर खोलीवर ठेवायला काही लागत नाही. जेवायला जाताना एक धुऊन बरोबर न्यायचं आणि आधी ते खायचं. संध्याकाळच्या भुकेला मूठभर फुटाणे आणि ताक किंवा वाटीभर दही. अंडी चालत असतील तर उत्तमच: एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं आणि ७०-७५ कॅलरी. (वसतिगृहात विजेच्या किटलीत अंडी उकडणं नियमात बसत नाही, असं मला वाचकांनी कळवायची गरज नाही. आम्ही काय काय उकडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.) शेंगदाणे पौष्टिक, पण मोजून, ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी असतात आणि गप्पा मारताना शंभर ग्रॅम कधी संपतात कळत नाही.

सकाळचे पोहे-उपमा चुकवू नयेत. पोह्यांवर लिंबू पिळावं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने जेवणातलं लोह चांगलं शोषलं जातं. चहा मात्र नाश्ता-जेवणानंतर तासाभराने, कारण तो लोह अडवतो. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलींनी हे तरी पाळावंच. उपवासाला साबुदाणा खिचडी खाऊन वजन कमी होतं असं ज्यांना वाटतं, त्यांना माझा नमस्कार.

रविवार हा वेगळाच विषय आहे. दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद. फीस्ट जेवावी, मनात अपराध न धरता, श्रीखंडाची एक वाटी घेऊन. घोटाळा रात्री होतो, बाहेर जाऊन पिझ्झा नाहीतर चायनीज. त्याऐवजी शेव कमी, कांदा-टोमॅटो आणि वाफवलेली मटकी जास्त घातलेली भेळ, किंवा दूध-केळं. कधीतरी पिझ्झा खाल्लात तरी आभाळ कोसळत नाही. रात्री खाल्लं म्हणून सोमवारी उपाशी राहायचं, ही सवय जास्त वाईट.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि आठवड्यातून दोनदा जोर-बैठका. खोलीत होतात. वजन उतरण्याचा वेग आठवड्याला अर्धा किलो पुरे. पावडरी, "फॅट बर्नर"च्या गोळ्या, मैत्रिणीच्या आईच्या थायरॉइडच्या गोळ्या (हो, हेही पाहिलंय) यांना हात लावू नये.

या मुलीला मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, बी-१२ कमी निघालं तेही दिलं. जेवण एकदम न वाढवता पंधरा दिवसांत हळूहळू वाढवलं. त्या पंधरा दिवसांत वजन अडीच किलोने वाढलं आणि तिचा रात्री दहाला फोन आला, रडत. "काका, सगळं परत येतंय." ते पाणी आहे, ग्लायकोजेनबरोबर परत येणारच, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. तेवढीही समज त्या दिवशी दाखवली नव्हती. वजनकाटा मैत्रिणीच्या कपाटात ठेवायला सांगितलं आणि महिन्यातून एकदाच बाहेर काढायचा असं ठरलं.

तिने खाणं पुन्हा सुरू केलं, हे नशीब. काही मुलींना आणि मुलांनाही ते जमत नाही. वजन योग्य असूनही आरशात आपण जाडच दिसतो असं वाटत राहणं, खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी करणं, खाल्लं असं खोटं सांगणं, चारचौघांत जेवायचं टाळणं, यातलं काही तुमच्या मुलीत, मुलात किंवा खोलीतल्या सोबत्यात दिसलं तर तो आजार आहे, हट्ट नव्हे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं लागतं आणि लवकर गेलेलं बरं. पाळी लागोपाठ चुकणं, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधडणं ही लक्षणं असतील तर आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा. ज्यांना मधुमेह, थायरॉइड वगैरे आहे त्यांनी वरचं ताटही आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावं.

तिची पाळी तीन महिन्यांनी परत आली. वजन आधी ६१ पर्यंत चढलं, मग वर्षभरात सावकाश ५८ वर आलं आणि तिथेच आहे. बीएमआय २३.८. कोष्टकाप्रमाणे ते थोडं जास्तच आहे. तिने विचारलं, अजून दोन-तीन किलो उतरवू का? हिमोग्लोबिन १२.१ आहे, शुगर व्यवस्थित आहे, रोज अर्धा तास चालते, दोन्ही वेळ पोटभर जेवते. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग बघू. यावेळी तिच्याकडे बघून म्हटलं.