उत्तरं मिळतात, पण प्रश्न?

प्रोग्रामर मंडळींनी एकमेकांना चारचौघांत प्रश्न विचारणं जवळजवळ सोडून दिलंय. बाहेरच्यांना याचा पत्ताही नसेल, पण आमच्या धंद्यात ही मोठीच गोष्ट आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की या दोघांनी २००८ साली 'स्टॅक ओव्हरफ्लो' सुरू केलं. कल्पना साधीच. अडलेल्याने विचारायचं, जाणत्याने सांगायचं, बाकीच्यांनी मतं देऊन चांगलं उत्तर वर आणायचं. पैसे कुणाला नाहीत, मिळायचे ते गुण!

त्या काळी मी मराठी मजकूर डेटाबेसमध्ये घातला की बाहेर नुसती प्रश्नचिन्हं यायची. डेटाबेस युनिकोड करून भागत नाही, जोडणी करतानाही तसं सांगावं लागतं, हे मला तिथे कळलं. गंमत म्हणजे ते उत्तर माझ्यासाठी नव्हतंच. कुणाची तरी रशियन अक्षरं अडली होती, त्याला कुणीतरी दिलेलं. देवनागरीला ते तंतोतंत लागू पडलं.

२०१४च्या सुमारास तिथे महिन्याला दोन लाखांच्या आसपास प्रश्न येत. २०२४ अखेर ते पंचवीस हजारांच्या घरात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि लोक तिकडे वळले, हे खरंच. पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती. 'हे आधी विचारून झालंय' म्हणून नवख्याचा प्रश्न बंद व्हायचा, वर चार शब्द ऐकावे लागायचे. नवख्यांना इथे परकं वाटतं, हे कंपनीनेच २०१८ मध्ये जाहीर मान्य केलं. अर्थात त्या करडेपणामुळेच कचरा साठला नाही आणि नेमकं उत्तर हाती लागायचं, हेही तितकंच खरं.

यंत्र ओरडत नाही. रात्री दोन वाजता विचारा, एकच गोष्ट दहादा विचारा, 'एवढंही येत नाही?' असं म्हणत नाही. मीही आता त्यालाच विचारतो. पण ते शिकलं कशावर? पुस्तकं आणि इतर बरंच काही असेल, तरी त्यात लोकांनी फुकट लिहिलेल्या याच उत्तरांचाही वाटा आहे. मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार केला, तेव्हा काहींनी रागाने स्वतःची उत्तरं पुसायला घेतली. कंपनीने त्यांचीच खाती काही काळ बंद केली.

मला काळजी वेगळीच वाटते. यंत्राशी बोलून मी जे सोडवतो, ते आम्हा दोघांतच राहतं. त्याच जागी अडलेल्या दुसऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

आपल्या गावकऱ्यांनी खाजनं राखली ती एकत्र. बांधाला भगदाड पडलं की ते कुणाच्या शेतासमोर आहे हे बघून चालत नसे, कारण खारं पाणी एकट्याचं शेत बुडवत नाही. बांधाची निगा सुटली तेव्हाही लगेच काही दिसलं नाही. पुढे काही ठिकाणी भाताच्या जागी खारफुटी उभी राहिली.

म्हणून अलीकडे एक नेम केलाय. यंत्राच्या मदतीने एखादी अवघड गाठ सुटली, की ती कशी सुटली हे चार ओळींत सर्वांना दिसेल असं लिहून ठेवतो. कोण वाचेल, कधी वाचेल, देव जाणे. त्या रशियनवाल्याला तरी कुठे ठाऊक होतं?