चारही एकदम

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही इथूनच निघतो. सपाट भागात कारला ताशी १२०ची मुभा. चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या गाडीचा मालक अशा प्रवासाआधी टायरच्या दुकानात घुटमळतो: झिजलेले दोनच बदलावेत का?

नाही. नव्या-जुन्या टायरांचा घेर जुळत नाही, चाकं कमी-जास्त फिरतात आणि मधला क्लच किंवा डिफरन्शियल विनाकारण तापतं.

टायरच्या कडेवरचे चार आकडे वाकून वाचावेत. २३२४ म्हणजे टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर गोदामात पडूनही म्हातारं होतं. कडेवरचंच ‘व्ही’ अक्षर ताशी २४० किलोमीटरची क्षमता सांगतं.

महागडी नक्षी नंतर पाहा. आधी ताजे, एकसारखे चार घ्या आणि टायर थंड असतानाच हवा तपासा.