निगेटिव्ह ठेवलीत ना?



परवा आपल्यातल्याच एकाने विचारलं, "काका, तुम्ही फोटोसाठी कोणतं सॉफ्टवेअर वापरता?" एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण त्या उत्तरापर्यंत पोचायला मला बरीच वर्षं लागली आणि वाटेत नुकसानही झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मूळचा जळगावकडचा. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, बदली होऊन सुरतेला आलो आणि कतारगामचाच झालो. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला, तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेला. मी डोक्याला हात लावून बसलो. ही मात्र शांतपणे माळ्यावर चढली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली घेऊन आली. आत सगळ्या निगेटिव्ह, कागदात गुंडाळून, वर तिच्या अक्षरात सालं लिहिलेली. त्यावरून पुन्हा प्रिंट काढल्या. आज आमच्या लग्नाचे फोटो घरात आहेत ते त्या डब्यामुळे.

निवृत्तीनंतर मुलीने कॅननचा कॅमेरा घेऊन दिला. हिवाळ्यात सिंगणपोरच्या कॉजवेवर सीगल पक्षी येतात, त्यांच्यामागे मी पहाटे जाऊ लागलो. कॅमेऱ्यात 'रॉ' नावाची सोय आहे, हे तिथेच एका तरुणाकडून कळलं. साध्या जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच रंग-उजेड ठरवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, माझ्या कॅमेऱ्याच्या 14 बिट रॉमध्ये 16,384. म्हणून अंधारात गेलेला भाग नंतर उजळता येतो. पण एकेक फाइल पंचवीस एमबीच्या आसपास!

मग मी हिशेबी माणसाने करावं तेच केलं. 2019 ची आमची पंढरपूरची सहल झाली, जेपेग बनवले आणि जागा वाचवण्यासाठी रॉ फाइली उडवल्या. ही शेजारीच भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "अहो, निगेटिव्ह ठेवलीत ना?" मी म्हटलं, "आता निगेटिव्ह वगैरे काही नसतं." ती काही बोलली नाही. पापडीच्या शेंगा सोलत राहिली.

2023 च्या पावसाळ्यात ती गेली. वर्षभराने कॅमेऱ्याच्या बॅगेत एक कार्ड सापडलं, त्याच वर्षीच्या उत्तरायणाचं. आमच्या अगाशीवर फिरकी धरून ती उभी, मागे लख्ख आभाळ, आणि चेहरा पार काळा. कार्ड रिकामं करायचा आळस केला होता, म्हणून रॉ फाइल तशीच होती. तो आळस माझ्या कामी आला.

आता सॉफ्टवेअर शोधणं भाग होतं. आधी कॅमेऱ्याबरोबर मिळणारं कॅननचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं. रंग छान येतात, पण ते कॅननच्या रॉ फाइलींपुरतंच. नंतर लाइटरूम महिनाभर पाहिलं. काम सुरेख, शिकायला सोपं, बोट ठेवायला जागा नाही. पण ते वर्गणीवर चालतं. वर्गणी थांबली तर फोटो जात नाहीत, पण त्यात संपादन करणं बंद होतं. मी पेन्शनर. माझ्यामागे ही वर्गणी कोण भरणार? शेवटी मोफत असलेल्या डार्कटेबलवर आलो. सुरुवातीला इतकी बटणं पाहून घाबरलो होतो. रॅम 4 वरून 16 जीबी करावी लागली. पण दोन महिन्यांत हात बसला. ज्यांना झटपट काम हवं आणि वर्गणी परवडते, त्यांनी लाइटरूम खुशाल घ्यावं.

डार्कटेबलमध्ये मला सर्वांत आवडलं ते हे, की मूळ फाइलला कोणी हात लावत नाही. केलेले बदल शेजारी एका छोट्या फाइलमध्ये लिहिले जातात. बँकेत आम्ही मूळ व्हाउचरवर खाडाखोड करू देत नसू, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची. अगदी तेच. आमच्या शेजारचा मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात प्लॅनिंगला आहे. त्याला दाखवलं तर म्हणाला, "काका, अमारे तो एक वार काप्युं एटले गयुं. तमारी रफ तो पाछी मळे!" रफमधला निम्म्याहून जास्त माल बहुधा घासण्यातच जातो, त्यामुळे त्याला त्याचं मोल बरोबर कळलं.

माझी पद्धत अशी:

1. कार्डावरून फाइली तारखेच्या फोल्डरमध्ये. दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.
2. आधी निवड. दोनशेतले वीस ठेवायचे, बाकीच्यांवर वेळ घालवायचा नाही.
3. मग क्रमाने व्हाइट बॅलन्स, उजेड, सावल्या, शेवटी कातरणी. स्लायडर ओढायचा मोह आवरायचा.
4. व्हॉट्सॲपसाठी लहान जेपेग, छपाईसाठी पूर्ण आकाराचा.
5. एकूण तीन प्रती. एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक डिस्क नाशिकला मुलीकडे. तापीचं पाणी गोदावरीपर्यंत जात नाही.

उत्तरायणाच्या त्या फोटोवर तीन संध्याकाळी बसलो. सावल्या उघडत गेलो तसा चेहरा वर आला. आधी कुंकू, मग कपाळावर आलेली बट, मग ते हसू. पहिल्या दिवशी इतका उजळवला की ती स्टुडिओत उभी असल्यासारखी दिसायला लागली. मुलीला पाठवला, तिचा फोन आला, "बाबा, आई अशी गोरी कुठे होती?" खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. मूळ जागेवर होतं म्हणून जमलं. आता चेहऱ्यावर थोडी सावली ठेवली आहे. तिथे सावली होतीच.

पंढरपूरचे फोटो मात्र गेले ते गेले. जेपेग आहेत, पण चंद्रभागेच्या वाळवंटातल्या फोटोत पदराच्या सावलीत तिचे डोळे दिसत नाहीत. किती ओढलं तरी नुसते डाग येतात.

तेव्हा मंडळी, सॉफ्टवेअर कोणतंही घ्या. फक्त उडवण्याआधी एकदा घरच्यांना विचारा. आणि कोणाकडे जुन्या निगेटिव्ह असतील तर टाकू नका, त्या स्कॅन कशा करायच्या ते मी सांगेन. आमचा पत्र्याचा डबा अजून माळ्यावरच आहे. त्याच्या शेजारी आता ते कार्डही ठेवलं आहे, कागदात गुंडाळून, वर साल लिहून.